परदेशगमन, आरोग्यविमा आणि मधले दिवस

बेंगळूरूतील आमच्या शाखेत परदेशी निघालेला ग्राहक आला, की त्याचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. डॉलरचा आजचा भाव काय, परकीय चलन कार्डात किती रक्कम भरावी, बचत खात्याचे पुढे काय करावयाचे, घरभाडे कोणत्या खात्यात जमा करावे. इलेक्ट्रॉनिक सिटीतील तरुण अभियंता असो, उच्च शिक्षणासाठी निघालेली विद्यार्थिनी असो, की मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेस जाणारे मल्लेश्वरममधील निवृत्त दांपत्य असो, क्रम फारसा बदलत नाही. आरोग्याचा विषय निघतो तो सर्वांत शेवटी, आणि तोही प्रश्न म्हणून नव्हे, तर विधान म्हणून : "इन्शुरन्स कंपनी देणार आहे."

या चार शब्दांत बरेच काही झाकलेले असते. कोणती कंपनी? कोणत्या तारखेपासून? कोणाकोणासाठी? आणि कोणत्या देशातील उपचारांसाठी? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कागदावर नसताना विमानात बसणारे ग्राहक आम्ही नेहमी पाहतो. सुदैवाने त्यांपैकी बहुतेकांना काही होत नाही. ज्यांना होते, त्यांच्यासाठी बँकेतून एकाच दिवसात मोठी रक्कम परदेशी पाठविण्याची धावपळ करावी लागते, आणि तो दिवस ग्राहकाप्रमाणे कर्मचाऱ्यांच्याही लक्षात राहतो.

एका नावाचे तीन कागद

परदेशी जाणाऱ्याच्या हाती साधारणतः तीन प्रकारचे विमा कागद येतात आणि तिन्हींना तो 'इन्शुरन्स' असे एकच नाव देतो. गोंधळाचे मूळ येथेच आहे.

पहिला कागद म्हणजे आपली भारतातील आरोग्यविमा पॉलिसी. सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी १९८६ साली 'मेडिक्लेम' आणली, तेव्हापासून हा शब्द मराठी घरांत रुळला आहे. ही पॉलिसी सर्वसाधारणपणे भारतातील रुग्णालयांत घेतलेल्या उपचारांपुरती असते. अलीकडे काही अधिक हप्त्याच्या पॉलिसींत परदेशातील उपचारांचेही छत्र दिले जाते. तथापि आजाराचे निदान भारतात झालेले असावे, उपचार पूर्वनियोजित असावेत, विमा कंपनीची पूर्वसंमती असावी, अशा अटी त्यास जोडलेल्या आढळतात. अटी न वाचता 'जगभर चालते' असे गृहीत धरू नये.

दुसरा कागद प्रवास विम्याचा. हा अचानक उद्भवलेला आजार, अपघात, सामान हरवणे, पारपत्र गहाळ होणे यांसाठी असतो. त्याची मुदत दिवसांत मोजलेली असते आणि तो सहसा भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो. नेहमीची रक्तदाबाची गोळी, दाढेचे काम किंवा गरोदरपणातील तपासणी यांसाठी त्याचा उपयोग होत नाही.

तिसरा कागद म्हणजे ज्या देशात आपण राहावयास जातो, तेथील रहिवाशास मिळणारा आरोग्यविमा किंवा सरकारी आरोग्यसेवेचा हक्क. परदेशी वास्तव्यात खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो हाच. परंतु त्याचा हक्क व्हिसाच्या प्रकारावर, वास्तव्याच्या दर्जावर आणि नोकरीवर अवलंबून असतो. म्हणूनच एकाच घरातील पती, पत्नी, मूल आणि भेटीस आलेली आजी या चौघांची स्थिती एकाच छपराखाली चार प्रकारची असू शकते.

देश तसा नियम

जर्मनीत सक्तीच्या आरोग्यविम्याचा कायदा बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली झाला. आज तेथे प्रत्येक रहिवाशाने आरोग्यविमा बाळगणे बंधनकारक आहे. सार्वजनिक विमा निधीचा मूळ हप्ता वेतनाच्या १४.६ टक्के असून तो मालक व कर्मचारी निम्मा निम्मा भरतात. त्यावर प्रत्येक निधीचा थोडा अतिरिक्त हप्ता असतो, तोही तसाच विभागला जातो. नोकरी न करणारी पत्नी वा पती आणि मुले यांना वेगळा हप्ता न भरता त्याच विम्यात सामावून घेतले जाते. अधिक वेतन असणाऱ्यांना खासगी विम्याचा पर्याय खुला असतो. तरुण वयात तो स्वस्त भासतो, परंतु तेथे प्रत्येक कुटुंबियाचा हप्ता स्वतंत्र असतो आणि तेथून सार्वजनिक निधीकडे परतणे सोपे नसते. कुटुंब मागाहून येणार असेल, तर हा निर्णय पहिल्या आठवड्याच्या घाईत घेऊ नये.

ब्रिटनची रीत निराळी. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा १९४८ साली सुरू झाली आणि ती करांच्या उत्पन्नावर चालते. बाहेरून दीर्घ वास्तव्यासाठी येणाऱ्यांवर एप्रिल २०१५ पासून आरोग्य अधिभार लावण्यात आला. फेब्रुवारी २०२४ पासून त्याचा दर प्रौढांसाठी प्रतिवर्षी १,०३५ पौंड आणि विद्यार्थी व अठरा वर्षांखालील मुलांसाठी ७७६ पौंड करण्यात आला. तो व्हिसाच्या अर्जासोबत, संपूर्ण मुदतीसाठी, एकरकमी भरावयाचा असतो. पती, पत्नी व दोन मुले तीन वर्षांच्या कामाच्या व्हिसावर निघाली, तर या दराने हा अधिभारच १०,८६६ पौंड होतो. कित्येक ग्राहकांचे लक्ष विमानभाड्याकडे असते आणि अर्ज भरावयाच्या दिवशी कार्डाची मर्यादा अपुरी पडते. ही रक्कम आपल्या कंपनीकडून मिळणार आहे काय आणि कुटुंबियांचीही मिळणार आहे काय, हे नियुक्तिपत्र स्वीकारण्यापूर्वीच विचारून घ्यावे. अधिभार भरल्यानंतर राहत्या भागातील सर्वसाधारण डॉक्टरांकडे नाव नोंदविणे आवश्यक आहे. तज्ज्ञ डॉक्टरांकडे परस्पर जाण्याची आपली बेंगळुरी सवय तेथे चालत नाही. दंतवैद्याचे शुल्क आणि इंग्लंडमध्ये औषधचिठ्ठीवरील आकार बहुतेकांना वेगळा द्यावा लागतो.

आखाती देशांत विम्याचे उत्तरदायित्व मुख्यतः मालकावर आहे. दुबईने २०१३ च्या कायद्याने तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून संयुक्त अरब अमिरातीच्या सर्व अमिरातींत सक्ती लागू झाली. मात्र दुबईत कुटुंबाला ज्याने प्रायोजित केले, त्याने त्यांचा विमा काढावयाचा असतो. तेथे 'कंपनी देणार आहे' हे विधान केवळ कर्मचाऱ्यापुरते खरे ठरू शकते. ज्यांच्या पारपत्रावर परदेशगमन तपासणी आवश्यक असल्याची नोंद आहे, अशा कामगारांसाठी भारत सरकारची प्रवासी भारतीय बीमा योजना २००३ पासून आहे. अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास तीत १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. कोकणातून आखातात जाणाऱ्या बांधवांनी तिची चौकशी अवश्य करावी.

अमेरिकेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आमच्या शाखेतील निम्म्याहून अधिक चौकश्या तिच्याविषयी असतात आणि गैरसमजही तिच्याविषयीच अधिक असतात. तेथे सर्व रहिवाशांसाठी एकच सरकारी व्यवस्था नाही. नोकरदार माणूस आपल्या मालकाच्या गटविम्यात असतो. २०१० च्या कायद्यानुसार २०१४ पासून आधीच्या आजाराच्या कारणावरून प्रमुख आरोग्यविमा नाकारता येत नाही, ही फार मोठी सोय आहे. परंतु विमा असूनही खिशातून पैसे द्यावे लागतात, याची कल्पना येथून जाणाऱ्यास नसते. 'डिडक्टिबल' म्हणजे विमा कंपनी पैसे देऊ लागण्यापूर्वी वर्षभरात आपण स्वतः सोसावयाची रक्कम. 'को-पे' म्हणजे प्रत्येक भेटीचा ठरीव आकार. 'को-इन्शुरन्स' म्हणजे डिडक्टिबलनंतरच्या खर्चातील आपला टक्का. आणि या सर्वांवर वर्षाची एक कमाल मर्यादा असते.

उदाहरणादाखल समजा, डिडक्टिबल २,००० डॉलर आहे, को-इन्शुरन्स २० टक्के आहे, वार्षिक कमाल मर्यादा ६,००० डॉलर आहे आणि रुग्णालयाचे मान्य बिल ३०,००० डॉलर झाले. प्रथम २,००० डॉलर आपले. उरलेल्या २८,००० चे २० टक्के, म्हणजे ५,६०० डॉलर, पुन्हा आपले. बेरीज ७,६०० होते, पण मर्यादा ६,००० ची असल्याने तेवढेच द्यावे लागतील. हा हिशेब लागू होतो तो विमा कंपनीच्या जाळ्यातील, ज्याला तेथे 'नेटवर्क' म्हणतात, अशा रुग्णालयापुरता. जाळ्याबाहेर गेल्यास आकडे पूर्णतः बदलतात. नोकरीच्या पत्रात वेतनाच्या आकड्याखाली जी विमा योजनांची यादी असते, ती अशा रीतीने पेन घेऊन वाचावी. कमी हप्त्याची योजना घ्यावी, की कमी डिडक्टिबलची, हे घरात लहान मूल आहे काय, गरोदरपणाची शक्यता आहे काय, मधुमेह आहे काय, यांवर ठरते. मित्राने घेतली म्हणून तीच योजना घेण्यात अर्थ नाही. मूल जन्मल्यावर साधारणतः ३० दिवसांच्या आत त्याचे नाव गटविम्यात नोंदवावे लागते. बाळंतपणाच्या गडबडीत ही मुदत निसटते.

विद्यार्थ्यांना अमेरिकेतील विद्यापीठे बहुधा स्वतःचा विमा घ्यावयास लावतात किंवा त्याच्या तोडीचा दुसरा विमा दाखविण्यास सांगतात. विनिमय व्हिसावर, म्हणजे जे-१ वर, जाणाऱ्यांसाठी तर प्रत्येक आजार वा अपघातामागे किमान १ लाख डॉलरचे छत्र सरकारी नियमानेच ठरविलेले आहे. ऑस्ट्रेलियातही विद्यार्थी व्हिसासाठी ठरावीक आरोग्यविमा घ्यावा लागतो.

मधले दिवस

आतापर्यंत सांगितलेल्या व्यवस्था आपापल्या जागी चांगल्या आहेत. संकट येते ते एका व्यवस्थेतून दुसरीत जाताना. बेंगळूरूतील नोकरीचा राजीनामा मंजूर झाला, की त्या कंपनीच्या गटविम्याचे छत्र सामान्यतः सेवेच्या अखेरच्या दिवशी संपते. त्याच छत्राखाली आई-वडील असतील, तर त्यांचेही संपते. नवी नोकरी तीन आठवड्यांनी सुरू होणार असते. या तीन आठवड्यांत सामान बांधणे, गावी जाऊन भेटीगाठी घेणे, देवदर्शन, प्रवास हे सर्व असते, आणि विमा कोणताही नसतो.

तिकडे पोहोचल्यावरही तीच गत होऊ शकते. अमेरिकेत मालकाला नव्या कर्मचाऱ्यास गटविम्यात घेण्यापूर्वी ९० दिवसांपर्यंत थांबविता येते. अनेक कंपन्या पहिल्या दिवसापासून छत्र देतात, पण तारीख लेखी विचारून घ्यावी. कॅनडात आरोग्यसेवा प्रांतांच्या हाती आहे. ब्रिटिश कोलंबियात गेल्यास आगमनाच्या महिन्याचे उरलेले दिवस आणि आणखी दोन महिने इतकी प्रतीक्षा करावी लागते. जर्मनीत नोकरीमुळे मिळणारा विमा नोकरी सुरू झाल्यावर लागू होतो. विमानतळावर उतरल्यापासून त्या दिवसापर्यंतचा काळ वेगळ्या विम्याने भरून काढावा लागतो. या मधल्या दिवसांसाठी अल्प मुदतीचा विमा मिळतो आणि एकूण स्थलांतराच्या खर्चात त्याचा हप्ता किरकोळ असतो. त्याची समाप्तीची तारीख मात्र नव्या विम्याच्या आरंभाच्या तारखेनंतरची ठेवावी. व्हिसा लांबतो, रुजू होण्याची तारीख पुढे जाते, हा अनुभव सर्वांचा आहे.

नोकरी गेल्यास हाच सांधा पुन्हा उघडतो. अमेरिकेतील 'कोब्रा' या १९८५ च्या कायद्यान्वये वीस वा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाचा गटविमा नोकरी सुटल्यानंतरही साधारणतः १८ महिने चालू ठेवता येतो, पण संपूर्ण हप्ता आणि वर दोन टक्क्यांपर्यंत प्रशासन खर्च स्वतः भरावा लागतो. निवडीसाठी किमान ६० दिवस मिळतात. एच-१ बी व्हिसाधारकास नोकरी सुटल्यावर देशात राहण्याची मिळणारी सवलतीची मुदतही ६० दिवसांपर्यंतचीच आहे. व्हिसाची चिंता आणि विम्याची चिंता एकाच वेळी उभी राहते. म्हणून परदेशी जाणाऱ्याने राखीव निधीचा विचार करताना केवळ घरभाड्याचे महिने मोजू नयेत, त्यात विम्याचा हप्ताही धरावा, असे आम्ही आवर्जून सांगतो.

आई-वडील भेटीस जातात तेव्हा

या लेखातील सर्वांत नाजूक भाग हा आहे. मुलगा वा मुलगी परदेशी स्थिरावली, की दोन-तीन वर्षांत आई-वडिलांचे तिकीट निघते. वय साठीच्या पुढे, एकाला मधुमेह, दुसऱ्याला रक्तदाब, क्वचित जुनी अँजिओप्लास्टी. तिकडे ते रहिवासी नसतात, पाहुणे असतात. मुलाच्या गटविम्यात त्यांना सहसा जागा नसते. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून आलेल्या भारतीयास आपत्कालीन कक्षातील प्राथमिक उपचार विनाशुल्क मिळतात, परंतु रुग्णालयात दाखल करून घेताच आकारणी सुरू होते, आणि ती राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या ठरीव दराच्या दीडपट असते.

शेंगेन देशांसाठी व्हिसा मागताना किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा दाखवावाच लागतो. कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, एक वर्षाचा विमा लागतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी मात्र विम्याची सक्ती नाही. जेथे उपचार सर्वांत महाग, तेथेच विमा ऐच्छिक, ही विसंगती आहे खरी. परिणाम असा, की नेमक्या त्याच प्रवासासाठी विमा टाळण्याकडे कल असतो.

विमा घेताना तीन गोष्टी पाहाव्यात, असे आम्हांस वाटते. पहिली, आधीच्या आजारांविषयीचे कलम. बहुतेक प्रवास विम्यांत पूर्वीपासूनचे आजार वगळलेले असतात. जिवावर बेतणारी स्थिती उद्भवल्यास रुग्ण स्थिर होईपर्यंतचा खर्च देण्याची तरतूद काही पॉलिसींत असते. अमेरिकेत मिळणाऱ्या पाहुण्यांच्या विम्यात 'अक्यूट ऑनसेट' म्हणजे आधीच्या आजाराचा अकस्मात झटका, असे कलम असते आणि त्याला वयाची व रकमेची मर्यादा असते. दुसरी गोष्ट, वयानुसार उपमर्यादा. पॉलिसीच्या मुखपृष्ठावर १ लाख डॉलर लिहिलेले असते, पण आत विशिष्ट वयापुढील व्यक्तीसाठी खोलीभाडे, शस्त्रक्रिया, भूल अशा प्रत्येक बाबीस वेगळी सीमा घातलेली असू शकते. तिसरी गोष्ट, रुग्णास वा दुर्दैवाने पार्थिव देहास स्वदेशी आणण्याचा खर्च. हे कलम वाचणे जिवावर येते, पण वाचावे.

आणि आजार लपवू नयेत. "साखर गोळीने ताब्यात आहे, मग लिहायचे कशाला?" असे वडीलधारे सहज म्हणतात. अर्जात न लिहिलेला मधुमेह रुग्णालयाच्या पहिल्याच रक्ततपासणीत दिसतो आणि विमा कंपनीस दावा नाकारण्याचे कारण आपल्या हातानेच मिळते. थोडा अधिक हप्ता भरून आजार जाहीर करणे हे केव्हाही स्वस्त. प्रवासात आजारी पडल्यास, शक्य असेल तर, दाखल होण्यापूर्वीच पॉलिसीवरील साहाय्य क्रमांकावर कळवावे. तो क्रमांक आई-वडिलांच्या भ्रमणध्वनीत आणि छापील स्वरूपात पारपत्राच्या पाकिटात, अशा दोन्ही ठिकाणी असावा.

विमा नसताना वा अपुरा असताना भारतीय नागरिक परदेशात संकटात सापडला, तर वकिलातीकडे दाद मागता येते. भारतीय समुदाय कल्याण निधी २००९ साली स्थापन झाला असून गरजू नागरिकांच्या तातडीच्या उपचारांसाठी व पार्थिव मायदेशी पाठविण्यासाठी त्यातून साहाय्य केले जाते. 'मदद' या संकेतस्थळावर २०१५ पासून तक्रार नोंदविता येते. अर्थात ही सोय निराधारांसाठी आहे. तिच्या भरवशावर सहलीस निघणे योग्य नव्हे.

निघण्यापूर्वीची प्रकृती

जर्मनीत आरोग्यविम्याचा कायदा झाला, त्याच १८८३ साली डॉ. आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेस निघाल्या. प्रकृती आधीच तोळामासा, वय अठरा. तिकडे आधार होता तो न्यू जर्सीतील कार्पेंटर कुटुंबाच्या मायेचा. फिलाडेल्फियाच्या थंडीत प्रकृती ढासळत असतानाही १८८६ साली त्यांनी एम.डी. पदवी मिळविली आणि मायदेशी परतल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. पहिल्या मराठी डॉक्टर स्त्रीची ही कहाणी सर्वांना ठाऊक आहे. निघण्यापूर्वी प्रकृतीची नीट तपासणी आणि पोहोचल्यावर उपचारांची खात्री, या दोन्ही गोष्टी त्या काळी कोणाला मागताही येत नव्हत्या.

क्षयाचा विषय आजही संपलेला नाही, केवळ त्याचे रूप बदलले आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ ब्रिटनला जाणाऱ्या भारतीयास मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयमुक्तीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. अमेरिकेतील शाळा, महाविद्यालये वा रुग्णालये कधी त्वचेवरील क्षयचाचणी मागतात. आपल्याकडे लहानपणी बी.सी.जी. टोचलेले असल्याने ती चाचणी होकारार्थी येण्याची शक्यता असते आणि माणूस घाबरून जातो. अशा वेळी बी.सी.जी.चा परिणाम न होणारी रक्तचाचणी, जिला 'इग्रा' म्हणतात, ती उपलब्ध आहे काय, हे विचारावे. मुलांच्या लसीकरणाची मूळ पुस्तिका सोबत न्यावी. आपल्या शासकीय कार्यक्रमात गोवर व रुबेलाची लस दिली जाते. अमेरिकेतील शाळा गालगुंड आणि कांजिण्यांच्या लसींचाही पुरावा मागतात. त्या येथील बालरोगतज्ज्ञांकडे वेळेत देता येतात. आफ्रिकेतील काही देशांसाठी पीतज्वराची लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर वैध होते. विमानाच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही.

दात आणि चष्मा यांची कामे बेंगळूरूतच उरकावीत. नेहमीच्या औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ रासायनिक नावासह घ्यावी, कारण येथील व्यापारी नाव तिकडच्या औषधविक्रेत्यास कळत नाही. औषधे मूळ वेष्टनातच ठेवावीत. कोडीन वा ट्रामाडॉल असलेली, येथे सर्रास लिहून दिली जाणारी वेदनाशामके संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. ती पूर्वपरवानगीशिवाय नेल्यास विमानतळावरच अडचण उद्भवू शकते.

येथील पॉलिसी बंद करावी काय?

"मी आता तिकडेच राहणार, मग येथील मेडिक्लेम कशाला?" हा प्रश्न रास्त वाटतो. पण नव्याने पॉलिसी घेताना आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो. एप्रिल २०२४ पासून त्याची कमाल मर्यादा ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आली, तरी तीन वर्षे थोडी नव्हेत. पाच वर्षे सलग चालू राहिलेल्या पॉलिसीतील दावा, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या कारणावरून नाकारता येत नाही. हे दोन्ही लाभ पॉलिसी अखंड असेल तरच. तिशीत गेलेला माणूस पंचेचाळिशीत परततो तेव्हा त्याच्या फाईलीत बहुधा एखादा आजार जमा झालेला असतो आणि विमा त्याच वयात हवा असतो. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. त्यामुळे माफक रकमेची पॉलिसी चालू ठेवणे पूर्वीइतके जड राहिलेले नाही. गटविम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते. राजीनाम्याच्या काळातच तिचा अर्ज करावा.

येथे बँकेचा संबंध येतो आणि नेमकी येथेच साखळी तुटते. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर निवासी बचत खाते अनिवासी साधारण, म्हणजे एनआरओ, खात्यात बदलणे परकीय चलन कायद्याने आवश्यक आहे. हा बदल होताना काही ठिकाणी खाते क्रमांक बदलतो आणि जुन्या क्रमांकावर दिलेला विमा हप्त्याचा स्वयंचलित आदेश परत जातो. विमा कंपनीचा संदेश येतो तो बंद पडलेल्या भारतीय भ्रमणध्वनीवर. वार्षिक हप्त्यासाठी मिळणारी ३० दिवसांची सवलतीची मुदत उलटते आणि दहा वर्षांची अखंडता कोणाच्याही नकळत संपते. म्हणून खाते बदलताच नवा आदेश द्यावा आणि विमा कंपनीकडे परदेशातील ई-मेल पत्ता नोंदवावा.

मागे राहणाऱ्या आई-वडिलांची पॉलिसी मुलाच्या कंपनीच्या गटविम्यावर अवलंबून ठेवू नये. ते निवृत्त सैनिक असतील, तर २००३ पासूनची माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, केंद्र शासनाचे निवृत्तिवेतनधारक असतील, तर केंद्रीय आरोग्य योजना, यांची कार्डे अद्ययावत आहेत काय, ते पाहावे. सत्तर वा अधिक वर्षे वयाच्या नागरिकांसाठी आयुष्मान भारत योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये खुली झाली असून कुटुंबास वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे छत्र मिळते. आपल्या राज्यात व जवळच्या रुग्णालयात ती प्रत्यक्ष चालू आहे काय, याची चौकशी आधीच करावी.

येथून परदेशी उपचारांसाठी रक्कम पाठविताना निवासी व्यक्तीस उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. उपचारांसाठी त्याहून अधिक रक्कम हवी असल्यास डॉक्टर वा रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक सादर करावे लागते. वर्षातील एकूण १० लाख रुपयांपुढील प्रेषणावर उगमस्थानी कर गोळा केला जातो. वैद्यकीय कारणासाठी त्याचा दर सर्वसाधारण प्रेषणापेक्षा कमी आहे. अर्जात उद्देशाचा रकाना भरताना 'भेट' असे लिहिल्यास ही सवलत मिळत नाही.

राहिला प्रश्न मध्यरात्री येथील रुग्णालयाने मागितलेल्या अनामत रकमेचा. मुलाच्या एनआरओ खात्यातून येथील खर्च भागविण्यासाठी भाऊ, बहीण वा अन्य विश्वासू निवासी व्यक्तीस अधिकारपत्र देता येते. तसेच आई-वडिलांच्या निवासी बचत खात्यात अनिवासी मुलाचे नाव 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात असेल तो' या पद्धतीने सहधारक म्हणून घालता येते. या दोन्ही कामांसाठी संबंधितांच्या सह्या शाखेत पडताळाव्या लागतात. सर्वजण बेंगळूरूत एकत्र असतात तो काळ म्हणजे निघण्यापूर्वीचे शेवटचे दोन-तीन आठवडे. त्यातील एक सकाळ शाखेसाठी राखून ठेवावी. येताना पारपत्र, व्हिसाची प्रत, कायम खाते क्रमांकाचे कार्ड आणि आई-वडिलांची चालू विमा पॉलिसी सोबत आणावी.